मंत्रालयाच्या कामाला जाताना : मुंबईच्या फोर्ट भागात एक दिवस पायी

आपल्या खान्देशातून मुंबईला जाणारा माणूस केवळ फिरण्यासाठी क्वचितच जातो. कुणाची बदलीची फाइल मंत्रालयात असते, कुणाला संस्थेच्या अनुदानाच्या प्रस्तावाची चौकशी करायची असते, कुणाच्या मुलीची नोकरीची मुलाखत असते, तर कुणी परळच्या रुग्णालयातल्या नातेवाइकाला भेटून रात्रीच परत निघणारा असतो. भुसावळ, जळगाव, पाचोरा किंवा चाळीसगावला रात्री गाडीत बसलेला हा माणूस पहाटे किंवा सकाळी मुंबईत उतरतो. मंत्रालयात सर्वसामान्य अभ्यागतांना प्रवेश सहसा दुपारनंतरच मिळत असल्यामुळे मधले सहा-सात तास तो स्थानकाच्या प्रतीक्षालयात पिशवीवर डोके टेकून काढतो, नाहीतर मंत्रालयासमोरच्या फूटपाथवर उन्हात बसून राहतो. त्याच सहा-सात तासांत, पायी जाता येईल एवढ्या अंतरावर, देशातल्या उत्तम वस्तुसंग्रहालयांपैकी एक, विनामूल्य कलादालन, दोनशे वर्षांहून जुन्या विद्वत्सभेची वास्तू, हुतात्म्यांचे स्मारक आणि समुद्र, एवढे सगळे पाहून होते. हा लेख त्या तासांसाठी लिहिला आहे.

पैसा हा यातला मोठा अडथळा नाही. संकोच हा आहे. मी विद्यार्थिदशेत पहिल्यांदा या भागात आलो, तेव्हा एका भव्य वास्तूच्या निम्म्या पायऱ्या चढून परत फिरलो होतो. मला कुणी अडवले नव्हते, कुणी काही विचारलेही नव्हते. आपल्यासारख्याने आत जायचे नसते, असे माझे मीच ठरवून टाकले होते. पुढे शिक्षक झाल्यावर मुलांना घेऊन येऊ लागलो, तेव्हा दर वेळी कुणीतरी शेजारच्याला हळूच विचारताना ऐकले : ‘‘भो, आपल्याला आत सोडतील का?’’ सोडतात. तिकीट असेल तेथे तिकीट काढावे, नोंदवही असेल तेथे नाव-गाव लिहावे आणि रखवालदाराशी सरळ मराठीत बोलावे.

शिवाय हा भाग आपल्याला परका मानण्याचे कारण नाही. फोर्टमधल्या ज्या दगडी इमारतींकडे आपण मान वर करून पाहतो, त्यांतल्या कितीतरी इमारतींमागे कापसाचा पैसा आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्यामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाचे भाव भडकले, शहरात पैशांचा पूर आला आणि त्याच सुमारास जुन्या किल्ल्याची तटबंदी पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर नवे शहर उभे राहू लागले. खान्देश हा मुंबई इलाख्यातला कापसाचा मोठा जिल्हा होता आणि जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वे १८६०च्या दशकात आपल्या भागात पोहोचली, त्यामागेही कापूस बंदरावर लवकर नेण्याची निकड होती. म्हणून मी मुलांना सांगतो की, आपल्या काळ्या जमिनीतल्या बोंडांचा या दगडांशी संबंध आहे. पाहताना तो ध्यानात ठेवा.

निघण्यापूर्वी

प्रथम दिवस ठरवावा. मंत्रालयाचे काम असेल तर अर्थातच कामाचा दिवस घ्यावा लागतो. मंत्रालयातील प्रवेशासाठी ‘डिजीप्रवेश’ या ॲपवर आधी नोंदणी करावी लागते. ती घरूनच करून निघावे आणि आधार कार्ड किंवा अन्य मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे, कारण दारावर रांगेत उभे राहून मोबाइलशी झटापट करण्यात अर्धा तास सहज जातो. दिवस निवडण्याची मोकळीक असेल तर सोमवार टाळलेला बरा. राष्ट्रीय आधुनिक कलादालन आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. ज्यांना केवळ इमारती आणि रस्ते शांतपणे पाहायचे आहेत, त्यांच्यासाठी रविवारची सकाळ उत्तम, कारण कचेऱ्या बंद असल्याने फोर्टचे रस्ते जवळजवळ मोकळे असतात.

गाडी कोणत्या स्थानकावर संपते, हे तिकिटावर नीट पाहावे. काही गाड्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला (सीएसएमटी) येतात, तर काही कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसलाच थांबतात. कुर्ल्याला उतरणाऱ्यांनी जवळच्या टिळकनगर स्थानकावरून हार्बर मार्गाची लोकल धरून सीएसएमटीला यावे. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या बाजूचे लोक सुरतमार्गे पश्चिम रेल्वेने येतात. त्यांना लोकलने चर्चगेटला उतरणे सोयीचे पडते, आणि त्यांनी खाली दिलेला मार्ग हुतात्मा चौकापासून सुरू करावा. (आपल्याकडे दादर म्हटले की ज्वारी आठवते, पण मुंबईत मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वे जेथे मिळतात ते स्थानक दादर आहे, आणि गाडी बदलायची झाली तर बहुधा तेथेच बदलावी लागते.)

सामान कमीत कमी घ्यावे. मोठी बॅग असेल तर ती सीएसएमटीच्या सामानघरात, म्हणजे क्लोक रूममध्ये, ठेवता येते. त्यासाठी बॅगेला कुलूप असावे लागते आणि प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते. पाठीवरच्या पिशवीत पाण्याची बाटली, टोपी किंवा छत्री आणि फाइल एवढेच असावे. चपलेपेक्षा बूट बरे, कारण दिवसभरात सात-आठ किलोमीटर चालणे होते.

फोर्टमध्ये ऑटोरिक्षा मिळत नाही, ही गोष्ट नवख्या माणसाला माहीत नसते आणि तो स्थानकाबाहेर रिक्षा शोधत राहतो. दक्षिण मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी, बेस्टची बस आणि आता भुयारी मेट्रो एवढीच साधने आहेत. टॅक्सी मीटरनेच घ्यावी. मेट्रोच्या या मार्गावर सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट आणि विधान भवन अशी स्थानके असल्यामुळे वयस्कर माणसांना किंवा पावसाळ्यात ती फार उपयोगी पडते. बाकीच्यांनी चालावे, स्थानकापासून गेटवेपर्यंतचे सरळ अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास आहे.

स्थानकापासून हुतात्मा चौकापर्यंत

स्थानकावर तोंड धुऊन, चहा घेऊन बाहेर पडावे आणि सर्वांत आधी मागे वळून स्थानकच पाहावे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने आराखडा केलेली ही इमारत १८७८ मध्ये बांधायला घेतली गेली आणि १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, तिला राणीचे नाव दिले गेले. आपले आजोबा ‘व्हीटी’ म्हणत ते त्यामुळे. २००४ मध्ये युनेस्कोने ती जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. घुमटावर हातात मशाल घेतलेली प्रगतीची मूर्ती आहे आणि प्रवेशद्वाराच्या खांबांवर एका बाजूला सिंह व दुसऱ्या बाजूला वाघ बसवला आहे : सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. भिंतींवर मोर, माकडे, पाने-वेली कोरलेल्या आहेत. त्या शोधत पाच-दहा मिनिटे सहज जातात. सकाळी सूर्य इमारतीच्या पाठीमागे असल्याने दर्शनी बाजू थोडी काळवंडलेली दिसते. त्यामुळे छायाचित्रे घ्यायची असतील तर ती परतीच्या वेळेसाठी राखून ठेवावीत. समोर मुंबई महानगरपालिकेची इमारत आहे. तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ मध्ये पूर्ण झालेली.

रस्ता भुयारी मार्गानेच ओलांडावा. वर आल्यावर दादाभाई नौरोजी मार्ग लागतो. या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींना तळमजल्यावर कमानींच्या पडव्या आहेत, आणि ऊन असो वा पाऊस, त्या पडव्यांखालून जवळजवळ थेट हुतात्मा चौकापर्यंत जाता येते. सकाळी सातच्या सुमारास दुकाने बंद असतात, त्यामुळे फेरीवाल्यांच्या गर्दीत एरवी न दिसणारे खांब आणि नक्षी मोकळेपणाने पाहता येते. वाटेत एखादे इराणी हॉटेल उघडलेले दिसले तर ब्रून मस्का आणि चहा घ्यावा. ब्रून हा कडक कवचाचा पाव असतो आणि तो चहात बुडवूनच खायचा असतो.

हुतात्मा चौकात थोडे थांबावे. येथले कारंजे, फ्लोरा फाउंटन, १८६४ मधले आहे आणि त्याच्या शिरावर फ्लोरा या रोमन फुलदेवतेची मूर्ती आहे. पण मराठी माणसाने येथे थांबायचे ते शेजारच्या स्मारकासाठी. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर याच परिसरात गोळीबार झाला. त्या संपूर्ण लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. स्मारकावर मशाल घेतलेला शेतकरी आणि कामगार उभे आहेत. मुलांबरोबर असाल तर त्यांना येथे एवढे सांगावेच की, ज्या मंत्रालयात आपण मराठीतून अर्ज करतो, ते मंत्रालय या चौकातून वाट काढत आले आहे.

हॉर्निमन सर्कल : पाऊण तासाचा फेरा

चौकातून पूर्वेकडे वीर नरिमन मार्गाने गेल्यावर पाच-सात मिनिटांत हॉर्निमन सर्कल लागते. घाई असेल तर हा फेरा गाळता येतो, पण गाळू नये असे माझे मत आहे. वाटेत डाव्या हाताला सेंट थॉमस कॅथेड्रल आहे. १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झालेल्या या चर्चकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजाला चर्चगेट म्हणत. दरवाजा गेला, तट गेला, पण नाव मात्र रेल्वे स्थानकाला चिकटून राहिले.

हॉर्निमन सर्कल ही गोलाकार बाग आहे आणि तिच्याभोवती एकाच उंचीच्या, कमानींच्या इमारती वर्तुळात उभ्या आहेत. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन हे इंग्रज असूनही आपल्या स्वातंत्र्याच्या बाजूने लिहीत, म्हणून १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना हद्दपार केले. स्वातंत्र्यानंतर बागेला त्यांचे नाव दिले गेले. बाग होण्यापूर्वी येथे मोकळे मैदान होते आणि त्या मैदानावर कापसाच्या गाठींचे ढीग रचलेले असत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तो बाजार कुलाब्याकडे हलवला गेला. जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात वाढलेल्या माणसाला बागेतल्या बाकावर बसून ते दृश्य डोळ्यांसमोर आणायला फार कष्ट पडणार नाहीत. जवळच ‘मुंबई समाचार’ची लाल इमारत आहे, १८२२ पासून निघत असलेले हे गुजराती वृत्तपत्र आशियातील अखंड चालू असलेल्या सर्वांत जुन्या वृत्तपत्रांपैकी एक आहे.

बागेच्या पूर्वेला तीस पायऱ्यांची, जाड खांबांची पांढरी इमारत दिसते ती टाउन हॉल. १८३३ मध्ये ती पूर्ण झाली. १८०४ मध्ये स्थापन झालेली एशियाटिक सोसायटी येथे आहे, आणि राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालयही याच वास्तूत आहे. सोसायटीच्या संग्रहात दान्तेच्या काव्याची प्राचीन हस्तलिखित प्रत आहे, अकबराची सोन्याची मोहर आहे आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये नालासोपाऱ्याच्या स्तूपात सापडलेले अवशेषही आहेत. सकाळी दार बंद असते, त्यामुळे या फेरीत वास्तू बाहेरून पाहूनच समाधान मानावे. पण ज्यांना इतिहासाचा, भाषेचा किंवा आपल्या गावाचा अभ्यास करायचा आहे, त्यांनी पुढच्या खेपेस कचेरीच्या वेळात यावे, महाविद्यालयाचे किंवा संस्थेचे पत्र आणि ओळखपत्र बरोबर आणावे आणि आतल्या टेबलावर आपले काम सांगावे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात ज्याने जुन्या कागदांच्या वासात एखादी दुपार घालवली आहे, त्याला येथे परके वाटणार नाही.

समुद्राकडे

हॉर्निमन सर्कलवरून शहीद भगतसिंग मार्गाने दक्षिणेला चालत राहिले की रिझर्व्ह बँकेवरून पुढे लायन गेट आणि तेथून रीगल सिनेमाचा चौक येतो. हे अंतर वीस मिनिटांचे आहे. चौकातून डावीकडे वळले की गेटवे ऑफ इंडिया. दुपारी आणि संध्याकाळी येथे अतोनात गर्दी असते. सकाळी आठ-नऊच्या सुमारास मात्र पूर्वेकडचे ऊन थेट कमानीवर येत असते आणि उभे राहायला जागा असते. आत जाताना पिशव्यांची तपासणी होते, ती शांतपणे होऊ द्यावी.

१९११ च्या डिसेंबरात राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईत उतरले, त्याच्या स्मरणार्थ ही कमान बांधायचे ठरले; जॉर्ज विटेट याने तिची रचना केली आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी तिचे उद्घाटन झाले. चोवीस वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडून मायदेशी निघाली. समोरच्या बागेत छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, २६ जानेवारी १९६१ रोजी बसवलेला. शेजारचे ताजमहाल हॉटेल १९०३ पासूनचे, म्हणजे कमानीहून दोन दशके जुने आहे.

येथे दोन सावधगिऱ्या सांगाव्याशा वाटतात. छायाचित्र काढून देतो म्हणणारा माणूस जवळ आला तर दर आणि प्रतींची संख्या आधी ठरवावी किंवा नको असे स्पष्ट सांगावे. आणि घारापुरीच्या बोटी डोळ्यांसमोर सुटत असल्या तरी त्याच दिवशी मंत्रालयाचे काम असेल तर बोटीत बसू नये, कारण जाण्या-येण्यात आणि लेणी पाहण्यात निदान चार-पाच तास जातात. अजिंठा ज्यांच्या घरापासून दोन तासांवर आहे, त्यांनी घारापुरीला स्वतंत्र दिवस द्यावा. तेथील त्रिमुखी शिव घाईत पाहण्याचा नाही.

वस्तुसंग्रहालय : येथे वेळ द्यावा

सव्वादहाच्या आधी परत रीगल चौकात यावे. चौकाच्या बाजूलाच, बागेच्या मध्यभागी घुमटाची जी इमारत दिसते, ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. मोजक्या राष्ट्रीय सुट्ट्या सोडल्या तर ते आठवड्याचे सातही दिवस सकाळी सव्वादहा ते सायंकाळी सहापर्यंत उघडे असते. या दिवसात एकाच ठिकाणी पैसे खर्च करायचे असतील तर ते येथे करावेत. विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत मिळते, म्हणून मुलांनी शाळा-महाविद्यालयाचे ओळखपत्र विसरू नये. मोठ्या पिशव्या दारावर जमा कराव्या लागतात. फाइलमधली मूळ कागदपत्रे आणि पैसे काढून जवळ ठेवावेत. छायाचित्रांविषयीचा नियम तिकीट खिडकीवरच विचारून घ्यावा. स्वच्छतागृहे चांगली आहेत, आणि स्त्रियांनी तर हे लक्षात ठेवूनच सकाळचा मार्ग आखावा, कारण स्थानक सोडल्यानंतर येथपर्यंत भरवशाची सोय सापडणे कठीण जाते.

या इमारतीची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसवली गेली. जॉर्ज विटेट यानेच तिचीही रचना केली. इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पण पहिल्या महायुद्धाच्या काळात तिचा उपयोग रुग्णालयासाठी झाला आणि १० जानेवारी १९२२ रोजी ती संग्रहालय म्हणून उघडली. घुमटावर विजापूरच्या गोलघुमटाची छाया आहे. आत शिरल्यावर मधल्या दालनात नजर वर करावी : तेथले कोरीव लाकडी काम नाशिकच्या एका जुन्या वाड्याचे आहे, विटेटने ते विकत घेऊन इमारतीत बसवले. आपल्याकडच्या वाड्यांचे चौक, खांब आणि तुळया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांची पावले येथे आपोआप मंदावतात. वाडे पाडताना अशीच तुळई आपण जळणाच्या भावाने विकतो, याची मला येथे दर वेळी खंत वाटते.

सगळे पाहण्याचा प्रयत्न करू नये. तीन मजले आहेत, आणि दोन तासांत सर्व दालनांतून फिरणारा माणूस बाहेर येतो तेव्हा त्याला काहीच आठवत नाही. तळमजल्यावरच्या शिल्पांना पाऊण तास द्यावा. घारापुरीची शिल्पे तेथे आहेत, सिंधमधल्या मीरपूरखासची मातीची शिल्पे आहेत; त्या मातीच्या चेहऱ्यांजवळ जाऊन पापण्या आणि ओठ पाहावेत. नंतर लघुचित्रांच्या दालनात जावे. लघुचित्र लांबून पाहायचे नसते. काचेला नाक लागेल एवढे जवळ जाऊन, एकेक झाड आणि एकेक माणूस वेगळा करत पाहायचे असते. तिसरी निवड ज्याची त्याने करावी. लहान मुले बरोबर असतील तर प्राण्या-पक्ष्यांचे दालन, शस्त्रांची आवड असेल तर अकबराचे चिलखत आणि ढाल, इतिहासाची ओढ असेल तर असिरियाच्या राजवाड्यातले कोरीव दगडी फलक. प्रत्येक वस्तूखालची पाटी वाचण्याऐवजी दहा वस्तू निवडून त्यांच्यासमोर थांबणे चांगले, असे माझ्या अनुभवाने मला शिकवले आहे. मी मुलांना प्रत्येकी एक वस्तू निवडून वहीत तिचे चित्र काढायला सांगतो, आणि परतीच्या गाडीत कल्याण येईपर्यंत त्यांची बोलणी त्याच चित्रांवर चाललेली असतात.

काळा घोडा आणि जहांगीर कलादालन

संग्रहालयातून बाहेर पडून महात्मा गांधी मार्गाने उत्तरेकडे दोन मिनिटे चालले की काळा घोडा येतो. या नावाने नवखा माणूस गोंधळतो. सातव्या एडवर्डचा घोड्यावर बसलेला काळा पुतळा १८७९ पासून येथे होता. तो १९६५ मध्ये हलवला गेला आणि आता भायखळ्याला, राणीच्या बागेच्या परिसरात आहे. चौकाचे नाव मात्र तसेच राहिले, आणि २०१७ मध्ये स्वार नसलेला नवा काळा घोडा येथे उभा केला गेला. दरवर्षी जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुमारास येथे नऊ दिवसांचा कला महोत्सव भरतो. त्या दिवसांत गेलात तर मांडलेली शिल्पे सकाळीच पाहून घ्यावीत, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते.

जहांगीर कलादालन १९५२ मध्ये सुरू झाले. सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ त्यासाठी देणगी दिली. ते अकरा ते सात उघडे असते आणि प्रवेशाला पैसे लागत नाहीत. प्रदर्शने साधारणतः आठवड्याने बदलतात आणि चित्रकार बहुधा स्वतः दालनात बसलेला असतो. त्याला विचारले तर तो बोलतो, हे आपल्याकडच्या लोकांना ठाऊक नसते; चित्र कसे केले, रंग कोणता, हे विचारायला चित्रकलेचे ज्ञान लागत नाही. ज्यांनी चाळीसगावला कलामहर्षी केकी मूस यांचे घर-संग्रहालय पाहिले आहे, त्यांना हे सांगायची गरज नाही. १९१२ मध्ये मुंबईत जन्मलेला तो कलावंत चाळीसगावला राहिला आणि १९८९ मध्ये तेथेच गेला. ज्यांनी ते अजून पाहिले नसेल, त्यांनी घरी परतल्यावर तेही पाहावे. बाहेरच्या फूटपाथवरही चित्रे विकायला मांडलेली असतात आणि तेथे समोर बसवून रेखाचित्र काढून देणारे कलाकारही भेटतात.

समोरच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे. याच महाविद्यालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे पदवीचे शिक्षण झाले. लगतच डेव्हिड ससून ग्रंथालयाची १८७० मधली पिवळसर दगडाची इमारत आहे. तिच्या मागे छोटी बाग आहे. आणखी थोडे पुढे एस्प्लनेड मॅन्शन ही जुनी लोखंडी सांगाड्याची इमारत दिसते. पूर्वी तिच्यात वॉटसन हॉटेल होते आणि ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईकरांनी तेथे पहिल्यांदा पाहिली.

बाराच्या सुमारास जेवून घ्यावे. कचेऱ्यांतली माणसे एकनंतर बाहेर पडतात आणि मग कोठेही जागा मिळत नाही. शेवभाजीच्या तिखटाची अपेक्षा ठेवू नये. पुरी-भाजी, डोसा किंवा साधी थाळी देणारी हॉटेले फोर्टच्या आतल्या गल्ल्यांत आहेत आणि मुख्य रस्त्यापेक्षा तेथे दर कमी असतात.

ओव्हलवरून मंत्रालयाकडे

काळ्या घोड्यावरून पश्चिमेला पाच मिनिटांवर ओव्हल मैदान आहे. मैदानाच्या मधून जाणाऱ्या पायवाटेवर उभे राहावे. पूर्वेला दगडी, टोकदार, शिखरांच्या इमारती : उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई मनोरा. पश्चिमेला गोलसर कोपऱ्यांची, फिकट रंगांची, १९३०च्या दशकातली घरे. या दोन काळांच्या समोरासमोर उभ्या असलेल्या ९४ इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा मानले. आपला सीएसएमटीचा वारसा वेगळा आणि हा वेगळा.

राजाबाई मनोरा सुमारे ८५ मीटर उंच आहे. कापसाच्या व्यापारातून मोठे झालेले प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी देणगी दिली आणि आईचे नाव द्यायला सांगितले. त्याचे काम १८६९ मध्ये सुरू झाले आणि १८७८ मध्ये संपले. देणगी जाहीर झाली तेव्हा कापसाचे भाव आकाशाला भिडले होते. काम सुरू होईपर्यंत युद्ध थांबून तो बाजार कोसळला होता आणि देणगीदाराचेही दिवाळे निघाले होते. मनोरा मात्र पुरा झाला. भाव कोसळला म्हणजे काय होते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही, म्हणून ही हकिकत मी येथे उभा राहून नेहमी सांगतो. दुपारचे ऊन या इमारतींच्या दर्शनी बाजूवर येत असल्याने छायाचित्रासाठीही हीच वेळ योग्य. मनोऱ्यात कुणालाही सहज जाता येत नाही आणि न्यायालयाच्या आवारात छायाचित्रे काढू नयेत. दोन्ही वास्तू मैदानावरूनच पाहाव्यात.

मैदानाच्या दक्षिण टोकापासून मंत्रालय दहा मिनिटांवर आहे. दीड वाजता तेथे पोहोचले की रांगेत फार मागे उभे राहावे लागत नाही.

संध्याकाळ आणि परतीची गाडी

काम चार-पाचला आटोपले तर मंत्रालयाच्या मागून चालत नरिमन पॉइंटला यावे. तेथून समुद्राच्या कडेने मरीन ड्राइव्ह गिरगाव चौपाटीपर्यंत जातो; चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे, कारण १९२० च्या ऑगस्टमध्ये त्यांच्यावर तेथेच अंत्यसंस्कार झाले. पूर्ण अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास भरते, तेवढे चालण्याची गरज नाही. चर्चगेटसमोरच्या भागात कठड्यावर बसून सूर्यास्त पाहावा. बसायला पैसे पडत नाहीत आणि कुणी उठवत नाही. पावसाळ्यात महानगरपालिका मोठ्या भरतीच्या वेळा आधी जाहीर करते, त्या दिवशी कठड्यापासून दूर राहावे. कठड्याखालच्या सिमेंटच्या त्रिकोणी ठोकळ्यांवर कोणत्याही ऋतूत उतरू नये. ते निसरडे असतात आणि तेथून पाय घसरलेल्या माणसाला वर काढणे फार अवघड जाते. आपल्याकडच्या मुलांना तापी-गिरणेच्या पाण्याची सवय असते, समुद्राची नसते, म्हणून हे जोर देऊन सांगतो.

परतीची गाडी सीएसएमटीवरूनच सुटणारी असेल तर ती तेथेच धरावी. दादर किंवा कल्याणला जाऊन बसू असा विचार करू नये, कारण संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ या वेळेत लोकलमध्ये सामानासह चढणे नवख्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे असते. गाडी कुर्ल्याहून असेल तर निदान दोन तास हाताशी ठेवून निघावे. चर्चगेटहून सीएसएमटीला पायी वीस-पंचवीस मिनिटे लागतात. स्थानकात शिरण्यापूर्वी महानगरपालिकेच्या बाजूने एकदा थांबावे, कारण सकाळी काळवंडलेली ती इमारत रात्री दिव्यांनी उजळलेली असते आणि घुमटावरची मूर्तीही स्पष्ट दिसते. मग सामानघरातून बॅग सोडवून घ्यावी आणि फलाट पाहावा : एक ते सात क्रमांकांवर लोकल लागतात, आणि आपल्या भुसावळकडच्या गाड्या आठ ते अठरा या क्रमांकांवर असतात. अठराव्या फलाटाकडे जायचे असेल तर पी. डिमेलो मार्गाच्या बाजूचे दार जवळ पडते.